झाडू हा वारसा नव्हे

मुलगा पदवीधर नाही, म्हणून बापाचा झाडूच त्याच्या हाती द्यावयाचा, हा न्याय कोणी शिकविला? पालिकेतील ती जागा वारसाहक्काने मिळते खरी. पण हाच वारसा ना आपण टाकून आलो? औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत काही व्यवसायांना आठवी, बहुतेकांना दहावी पुरते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे कलम ३-अ अनुसूचित जातींसाठी कारखान्यांतील प्रशिक्षणाच्या जागा राखते. १९९० च्या दुरुस्तीने त्या जातींतून आलेले बौद्धही त्यांत आले. ‘धर्मांतराने सवलत गेली’ म्हणणाऱ्या कारकुनाने कायदा वाचलेला नसतो. त्याच्याकडे नकार लेखी मागा. तेथे त्याची लेखणी अडखळते, हे मी अनेकदा पाहिले आहे. जातीचा दाखला मात्र प्रवेशापूर्वीच काढून ठेवा.