मोठ्या व्रणाचे रोपण : आपली मर्यादा, आपले कर्तव्य

सुश्रुताचार्यांचे नाव घेताना आपणा सर्वांची मान उंचावते. परंतु त्यांचा वारसा सांगणारा वैद्य विस्तीर्ण व्रणासमोर कसा वागतो, याचा विचार आपण पुरेसा करीत नाही.

काही वर्षांपूर्वी पोहरादेवी परिसरातील एका शेतमजुराची मुलगी, गुडघ्यामागे उकळते तेल सांडून खोल भाजल्याने, माझ्याकडे आली. व्रणशोधन केले, जात्यादि तेलाची पट्टी नेमाने बांधली. तीन महिन्यांनी व्रण भरला. पण वण आखडून गुडघा वाकडाच राहिला. ज्याला मी यश समजत होतो, त्याने त्या मुलीचे सरळ चालणे हिरावले होते. दोष तेलाचा नव्हता. तिला वेळेत पुढे न पाठविणाऱ्या माझा होता.

त्वचेची संपूर्ण जाडी नष्ट झाली की नवी त्वचा केवळ कडांकडून येते आणि व्रण आकसत जातो. लहान व्रणास हे पुरते. सांध्यावरील मोठ्या व्रणास नव्हे. तेथे मांडीवरील त्वचेचा पातळ थर काढून लावावा लागतो. अस्थी वा कंडरा उघडी असल्यास शेजारची त्वचा रक्तपुरवठ्यासह वळवून आणावी लागते.

ही दुसरी रीत महाराष्ट्राला जुनी आहे. १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या मराठी गाडीवानाचे नाक पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या त्वचेतून घडविले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ मध्ये त्याचा वृत्तांत छापला. त्यानुसार त्वचा बसविण्यास काथ लावलेल्या कापडी पट्ट्या आणि चार दिवसांनंतर तुपात भिजविलेले कापड वापरीत. जोडणारी त्वचा सुमारे पंचविसाव्या दिवसापर्यंत कापीत नसत. १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये हीच रीत अनुसरली. त्या कारागिराजवळ पदवी नव्हती, हाताचा सराव होता. आपल्याजवळ पदवी आहे. तो सराव नाही.

नोव्हेंबर २०२० च्या नियमावलीतील शस्त्रकर्मांच्या यादीत त्वचारोपण आहे. परंतु ती यादी शल्यतंत्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आहे, माझ्यासारख्या बी.ए.एम.एस. वैद्यासाठी नव्हे.

मग आपले काम उरते काय? शोधन! दुष्ट व्रणावर लावलेली त्वचा जगत नाही. व्रण शुद्ध ठेवणे, मधुमेह आटोक्यात आणणे, रुग्णाचे बल राखणे, हे आपण करावे. मात्र व्रण सांध्यावर असेल, अस्थी वा कंडरा दिसत असेल, तर पहिल्याच दिवशी रुग्णास शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. भाजल्याचा व्रण तीन आठवड्यांत भरण्याची चिन्हे नसतील, तरीही पाठवावे. औषधालयाच्या मालकांनीही जात्यादि तेलाची पुन्हा पुन्हा बाटली नेणाऱ्या ग्राहकास व्रण किती दिवसांचा आहे, एवढे अवश्य विचारावे.

रुग्ण पुढे पाठविल्याने वैद्याची प्रतिष्ठा उणावते, हा समज आता आपण सोडावा. व्रण भरण्याइतकेच त्या अवयवाचे कार्य टिकविणे हीही चिकित्साच आहे.