कोड उघडा आहे, पण वाचला कोणी?

बार्शी लाईट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. तिची लाईन अडीच फुटी, तर कुर्डुवाडीवरून जाणारी मुंबईची लाईन साडेपाच फुटी. त्यामुळे डबा पुढे जायचाच नाही. माल उतरवून पुन्हा भरावा लागायचा. क्रिप्टोची आज तीच गत आहे. इथेरियम, सोलाना, प्रत्येकाची लाईन वेगळी. त्यांना जोडतो तो ‘ब्रिज’. असा ब्रिज बनवायचा, कोड गिटहबवर टाकायचा आणि धडाक्यात लाँच करायचा, ही आयडिया कोडिंगवेड्या कुणालाही खुणावेल. बनवाच. पण ‘कोड ओपन सोर्स आहे, म्हणजे पैसे सेफ’ असं पोस्टरवर लिहू नका. ते खरं नाही.

मुळात ब्रिजवरून नाणं पलीकडे जात नाही. ते अलीकडच्या गोदामात कुलूपबंद होतं आणि पलीकडे तेवढ्याच किमतीची पावती फाटते. बार्शीच्या मार्केट यार्डात ज्याचा वावर आहे त्याला हे सांगायला नको: आत तूर असेल तरच पावतीला किंमत. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘वर्महोल’ ब्रिजवर कुणीतरी सही तपासणाऱ्या कोडमधली चूक हेरली आणि काहीही जमा न करता १,२०,००० ईथरच्या पावत्या फाडल्या. फटका सुमारे ३२ कोटी डॉलरचा. कोड ओपन सोर्सच होता.

मग कोड लपवायचा का? अजिबात नाही. ‘पॉलिगॉन’ बघा. भारतीय इंजिनिअर्सनी २०१७ मध्ये ‘मॅटिक’ नावाने सुरू केलेलं हे नेटवर्क. त्याच्या टेस्टनेटचं नाव तर चक्क ‘मुंबई’ होतं. त्याच्या प्लाझ्मा ब्रिजमध्ये एकच पावती पुन्हा पुन्हा दाखवून माल उचलता येईल अशी फट होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये गेरहार्ड वॅग्नर यांनी ती शोधून कळवली. धोक्यात होते ८५ कोटी डॉलर, त्यांना बक्षीस मिळालं २० लाख डॉलर. फट दोन्हीकडे होती. एकीकडे चोर आधी पोचला, दुसरीकडे वाचणारा.

शिवाय किल्ल्या कुणाकडे आहेत, हे कोड वाचूनही कळत नाही. मार्च २०२२ मध्ये ‘रोनिन’ ब्रिजच्या ९ पैकी ५ किल्ल्या चोरांच्या हाती लागल्या आणि ६० कोटी डॉलरहून जास्त रक्कम गेली. चोरी लक्षात यायला सहा दिवस लागले!

आपल्याकडे तर जास्तच जपायला हवं. शेअर बाजारातल्या भरमसाट परताव्याचं आमिष दाखवून कोट्यवधींची फसवणूक केल्याचा गुन्हा जानेवारी २०२२ मध्ये बार्शीतच दाखल झाला. तेव्हा लोकांनी माणसावर डोळे झाकून भरवसा ठेवला. उद्या ‘आपल्या पोरांनी बनवलंय’ म्हणून ब्रिजवर ठेवतील. त्यात कुणाच्या वडिलांची सोयाबीनची पट्टी असेल, कुणाची कॉलेजची फी.

म्हणून लाँचची घाई नको. आधी टेस्टनेटवर खोट्या नाण्यांनी चालवा. दुसऱ्या कॉलेजच्या पोरापोरींना तो मोडायला बोलवा. खरे पैसे घ्यायची वेळ आलीच, तर रकमेला मर्यादा घाला आणि किल्ल्या कुणाकडे आहेत ते पहिल्याच पानावर लिहा. आणि स्वतःचा ब्रिज बनवायचा नसेल, तर दुसऱ्याचा वाचायला बसा. तो बार्शीत बसूनही वाचता येतो. ओपन सोर्सचा खरा फायदा तोच तर आहे.