पोटदुखीचं सोंग

मूल शाळेत म्हणालं, "बाई, पोट दुखतंय," की मोठ्यांचा निकाल तयारच असतो: गणिताचा तास आहे ना, म्हणून दुखतंय! समाजाच्या प्राथमिक शाळेत रोज नर्स बसेल अशी एक खोली हवी, असं मी मंडळात बोलले की मैत्रिणी दोन वाक्यांत मला गप्प करतात. "अहो ताई, मुलं तिथं जाऊन लोळत पडतील," हे एक. "आपल्या मुलांना घरचे डॉक्टर आहेत की," हे दुसरं. माझं भांडण दोन्हींशी आहे.

१९७० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्राथमिक शाळेत मुलांना मुभा दिली. बरं वाटत नसेल तर मोठ्यांची परवानगी न मागता स्वतः नर्सकडे जायचं. दिसलं काय? बऱ्याचशा फेऱ्या थोड्याच मुलांच्या होत्या. मोठ्यांच्या दवाखान्यात तरी वेगळं काय असतं? मग आठवड्यात तीनदा येणाऱ्या त्या मुलाला सोंगाडं म्हणून हाकलायचं, की जवळ बसवून विचारायचं? त्याला फळा दिसत नसेल. सकाळी उपाशी आलं असेल. कुणी मारत असेल. लहान मुलाला 'भीती वाटते' म्हणता येत नाही, ते 'पोट दुखतं' म्हणतं. सहावीतल्या एखाद्या मुलीची पहिली पाळी वर्गातच येते. तिनं कुणाकडे जायचं, सांगा बरं?

आता घरचे डॉक्टर. तिथं डॉक्टर विचारतात मुलाला आणि उत्तर देतो आपण! शिवाय ज्यांना घरचे डॉक्टर परवडत नाहीत, तीही मुलं त्याच बाकावर बसतात ना?

भारतात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली आपल्या बडोद्यात झाली, हे आपण अभिमानानं सांगतो. सांगावंच. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही वर्षातून एकदा शाळेत येतं, डोळे, दात, हृदय तपासतं. काम मोलाचंच आहे. पण मूल काही पथकाची तारीख बघून आजारी पडत नाही. तपासणीत आपण मुलाला बोलावतो. रोज उघड्या असलेल्या खोलीत मूल आपल्या पायांनी येतं. फरक एवढाच, आणि सगळं त्यातच आहे.

दरवर्षी आपण आरोग्य शिबिर भरवतो. मांडव, बॅनर, शाल-श्रीफळ, फोटो! त्या खर्चातून सुरुवात करा. एक खाट, वजनकाटा, नोंदवही आणि पगारी, शिकलेली नर्स. पुढचा पगार वर्गणीतून उभा करू. अट एकच: तिथं जायला चिठ्ठी लागू नये.

दहा मुलांनी सोंग केलं तर दहा तास बुडतील, बुडू देत. अकराव्याचं खरं दुखणं हसण्यावारी गेलं, तर त्याची भरपाई कोणतं मंडळ करणार आहे?