कथा नको, कोरलेली अक्षरे वाचा

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात जर्मन लष्करी दुर्बीण विकायला आली की तिच्यासोबत एक कथाही येते: आजोबांनी इटलीहून आणली. कथा अशक्य नाही. मराठा पलटणी इटलीत जर्मनांशी लढल्या. तिथल्याच लढायांत यशवंत घाडगे यांनी 1944 मध्ये आणि नामदेव जाधव यांनी 1945 मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. तरीही संग्राहकाने पैसे मोजावेत ते दुर्बिणीवरच्या अक्षरांसाठी.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन भूदलाची नेहमीची दुर्बीण 6×30 होती. तिच्यावर 'डीन्स्टग्लास' हा शब्द, क्रमांक आणि कारखान्याचा तीन लहान रोमन अक्षरांचा संकेत असतो. कारखाना शत्रूला कळू नये म्हणून ही अक्षरे आली. त्याआधीच्या नगांवर पूर्ण नाव सापडते. बीएलसी म्हणजे येनाचे कार्ल झाइस, बीईएच म्हणजे वेट्झलारचे लाइट्झ, डीडीएक्स म्हणजे ब्राउनश्वाइगचे फोइग्टलेंडर, सीएजी म्हणजे ऑस्ट्रियातले स्वारोव्स्की. 'एच/6400' दिसले तर आत मोजपट्टी असायला हवी. वर्तुळाचे 6400 भाग धरून ती आखलेली असते. प्रत्येक डोळ्याचे भिंग स्वतंत्र फिरवून दृश्य स्पष्ट करावे लागते, मधले चाक नसते. म्हणून मधले चाक असलेली 'येनॉप्टेम' कोणी लष्करी म्हणून पुढे केली तर नाही म्हणा. झाइसचे नाव खरे असले तरी ती युद्धानंतरची, पूर्व जर्मनीतली नागरी दुर्बीण आहे. आणि पिवळ्याधमक पितळेवर भलामोठा नाझी गरुड कोरलेला नग तर हातातही घेऊ नका.

खरा नग मिळाला तरी मावळात त्याचा शत्रू वेगळाच आहे. लोणावळ्याइतका पाऊस मावळातल्याच इंदुरी गावाला पडत नाही, पण जून ते सप्टेंबर इंद्रायणीकाठची हवा ओलीच असते. बुरशी आधी लोलकांवर जाळे धरते, मग काच खाते. खाल्लेली काच पुसून परत येत नाही. खरेदीआधी मोठ्या भिंगातून बॅटरीचा उजेड टाकून दुसऱ्या बाजूने पाहाच. पावसाळ्यात दुर्बीण चामड्याच्या पेटीत ठेवू नका, चामडे ओल धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेल वरचेवर वाळवत जा.

दुरुस्ती करणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. दोन प्रतिमा दिसत असतील तर लोलकांना हात लावण्याआधी पुढच्या भिंगाची विकेंद्री कडी तपासा. जुळणी बहुधा तिथेच होते. आणि काळा रंग खरवडून धातू चकाकवू नका. त्या रंगासोबत अक्षरे जातात, आणि अक्षरे गेली की त्या दुर्बिणीची ओळख कायमची जाते. असे बिघडवलेले नग आपल्याकडे फार झाले आहेत.

वाचकांनी आपल्या संग्रहातल्या दुर्बिणींवरची अक्षरे आणि क्रमांक जसेच्या तसे उतरवून आमच्याकडे पाठवावेत. न वाचता येणारे अक्षर रिकामे सोडा, अंदाजाने भरू नका.