मित्राची कात्री, नाभिकाचे पोट

२०२० सालच्या मार्चअखेर टाळेबंदी आली आणि केशकर्तनालयांना कुलपे लागली. एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यातीलच मालेगाव साथीचे केंद्र बनले, तेव्हा कळवणसारख्या तालुक्याच्या गावीही भीतीने घर केले. केस मात्र टाळेबंदी मानीत नाहीत. त्यामुळे अनेक घरांत एक प्रसंग उद्भवला. एखादा स्नेही आपुलकीने म्हणे, "अहो, मशीन आहे माझ्याकडे. संध्याकाळी येतो, ओट्यावर बसू, दहा मिनिटांचे काम." हेतू निर्मळ, पण घरात म्हातारी आई असलेल्या माणसापुढे पेच पडे. 'नको' म्हणावे तर स्नेह दुखावतो, 'या' म्हणावे तर नियम मोडतो.

प्रसंग क्षुल्लक भासेल, पण त्यात सार्वजनिक नीतीचा प्रश्न दडलेला आहे. आपल्याकडे नकार म्हणजे अपमान समजला जातो. म्हणून "कालच घरी उरकले" अशी सबब पुढे केली जाते. सबबीने एक घर वाचते. स्नेही मात्र मशीन घेऊन पुढच्या घरी जातो. खरे कारण सांगितले तर तोही थांबून विचार करतो. नकार प्रस्तावाला असतो, मैत्रीला नव्हे, हे मोकळेपणाने सांगणे हाच खरा स्नेह होय.

शिवाय जे काम नाभिकाच्या हातून धोक्याचे, ते मित्राच्या हातून निर्धोक कसे? मे २०२० मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्ड येथे दोन बाधित केशकर्तनकारांनी १३९ गिऱ्हाइकांना सेवा दिली. तेथे मुखपट्टीचा नियम होता. तपासणी झालेल्या ६७ जणांपैकी एकालाही बाधा आढळली नाही. नियम पाळणारे दुकान हे ओट्यावरील बेफिकीर मैत्रीपेक्षा सुरक्षित ठरू शकते, हाच याचा अर्थ. महाराष्ट्रात २८ जून २०२० पासून केस कापण्यास परवानगी मिळाली, ती मुखपट्टीच्या अटीवर. दाढीला तेव्हाही मनाई होती.

या तीन महिन्यांत नाभिकाचे घर कशावर चालले? जुन्या बलुतेदारीत त्याला सुगीला धान्य मिळे. त्या व्यवस्थेत जातीची गुलामगिरी होती. ती परत यावी असे कोणीही म्हणणार नाही. परंतु त्या काळी मोबदला रोजच्या कामाला जखडलेला नव्हता. रोख मजुरीने मान दिला, पण ती शाश्वती नेली आणि तिच्या जागी दुसरी आली नाही. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध आले, तेव्हा राज्य शासनाने नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरेलू कामगार, फेरीवाले व रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये, तर आदिवासी खावटी योजनेतील कुटुंबांना २,००० रुपये जाहीर केले. दुकान मात्र ज्याचे बंद झाले, त्या नाभिकाचा त्या यादीत स्वतंत्र उल्लेख नव्हता.

नकाराचे मोल या व्यवसायाला नवे नाही. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. परक्या स्त्रियांच्या सन्मानासाठी त्यांनी स्वतःच्या मिळकतीवर पाणी सोडले. त्यांच्या वारसांसाठी समाजाने काय सोडले?

साथ ओसरली, प्रश्न उरला आहे. पुन्हा तशी वेळ आली तर मित्राला प्रेमाने थांबवावे आणि वाचलेले पैसे नेहमीच्या नाभिकाला आगाऊ द्यावेत. भीक म्हणून नव्हे, पुढच्या कामाची उचल म्हणून. पण व्यक्तिगत चांगुलपणावर कोणाचे पोट सोपवता येत नाही. कार्यकर्त्यांनी गावोगाव अशा कारागिरांची नोंदणी करून घ्यावी आणि एका मागणीचा आग्रह धरावा : ज्या आदेशाने दुकान बंद होते, त्याच आदेशात भरपाईचे कलम असले पाहिजे.