टाइल्सवाल्याला थांबवा

काल पुसदहून दादाचा फोन. नव्या घरात सिलिंडर मागच्या अंगणात ठेवून लोखंडी पाईप भिंतीतून ओट्यापर्यंत नेलाय. टाइल्सवाला सकाळपासून येऊन बसलेला, आणि मी म्हणतोय आधी तपासणी कर. "अरे, पाण्याची लाइन याच मिस्त्रीने केली, थेंब गळत नाही!"

माझ्या मते इथेच चुकतं. पाण्याचा सांधा गळला की भिंतीला ओल येते. बारीक पाझर तर कधीकधी गंजानेच बुजतो. गॅस असले उपकार करत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, आणि हवेत दोनेक टक्के झाला की ठिणगी पुरते. वास यावा म्हणून मरकॅप्टन मिसळतात खरं, पण कोविडनंतर काकूंना फोडणी जळलेलीही कळत नाही. ओट्याशी दिवसभर त्याच असतात.

दादा म्हणाला, साबणाचं पाणी लावतो ना. लाव, पण ते नंतर. साबण गळती कुठे आहे ते दाखवतो, आणि खाचेतल्या पाईपच्या मागच्या बाजूला ब्रश पोचत नाही. आधी दोन्ही टोकं बंद करून पाईपात हवा भरायची (गॅस नव्हे, हवा!) आणि पारदर्शक नळीच्या यू मध्ये पाणी घालून दाब बघायचा. घरगुती रेग्युलेटरचा दाब साधारण ३० सेंटिमीटर पाण्याइतका, निदान तेवढा तरी हवा. आणि हे पहाटेच करायचं. कोंडलेली हवा एका अंशाने तापली तरी पाणी तीनेक सेंटिमीटर चढू शकतं. आपल्याकडच्या उन्हात दुपारी तपासलं तर गळका पाईपही पास होईल :)

(सांधे मुळात भिंतीत नकोतच. पण ते भांडण मी हरलो.)

आज सहाला दादाने लावलं. पंधरा मिनिटांत पाणी ३० वरून २२ वर. साबण लावल्यावर ओट्यामागच्या एल्बोवर एक बुडबुडा सावकाश फुगत गेला. मिस्त्री पाना घेऊन अजून कसायला निघाला होता. मी फोनवरच ओरडलो, उघड, आटे साफ कर, नव्याने सील लाव, मग परत हवा भर.

टाइल्सवाल्याला दिवसाची मजुरी बसल्या बसल्या द्यावी लागली. दादा अजून कुरकुरतोय. काकूंनी मात्र त्याला चहा दिला म्हणे, दोनदा.