गाडी निघाली भरवेलीला: छोट्या कॅसेटींचा शोध

मंडळी, दिवाळीनंतर नागपूरहून भंडारा, गोंदिया, बालाघाट करत भरवेलीला जायचंय. सोबत कॅमेरा, छोटा टीव्ही आणि जुना हँडीकॅम. वाटेत नातेवाइकांची घरं, आणि त्यावरच माहितीपट. विषय व्हिडिओ-८.

व्हीएचएस सगळ्यांना आठवते. ऐंशीच्या दशकात आलेली, ऑडिओ कॅसेटएवढी ही टेप मात्र विस्मरणात गेली. लग्नाच्या व्हीएचएसवर शूटिंगवाला वरून सिनेमाची गाणी चढवायचा. व्हिडिओ-८ घरचाच माणूस चालवायचा, त्यामुळे बोलणं जसंच्या तसं राहिलं. मॅंगनीज खाणीच्या क्वार्टरमधली आमच्या आजीची मराठी, मधूनच हिंदीत शिरणारी, आता घरात कुणीच बोलत नाही. अल्बममध्ये ती दिसते, ऐकू येत नाही.

टेप उतरवताना कॉपी-पेस्ट चालत नाही (आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे जड जातं). नव्वद मिनिटांच्या टेपला नव्वद मिनिटंच लागतात. खिडकीतून पांढरी बुरशी दिसली तर टेप मुळीच लावू नका, हेडही खराब होतं. १९९९ पासून आलेल्या डिजिटल-८ कॅमेऱ्यांपैकी बऱ्याच मॉडेल्समध्ये जुन्या टेपा चालतात. कुणाकडे असा कॅमेरा पडून असेल तर कळवा, आमच्याकडे एकच आहे.

भरवेलीच्या मावशींकडे काकांची एक टेप आहे. काका जाऊन अठरा वर्षं झाली. ती बघतानाचा त्यांचा चेहरा टिपायचा, असं माझ्या डोक्यात होतं. फोनवर त्या म्हणाल्या, "आधी मी एकटी ऐकीन रे. मग आण तुझा कॅमेरा." तेव्हा पहिली नव्वद मिनिटं आम्ही अंगणात बसणार.